आठवीत आलाय पण वजाबाकी येत नाही... अशा मुलांना शिकवताना तुम्ही काय केलंत? अनुभव लिहा

जूनमध्ये आठवीचा वर्ग हातात आला, अठ्ठेचाळीस मुलं. पुस्तकातला पहिलाच धडा परिमेय व अपरिमेय संख्या. शिकवता शिकवता मधेच ४०३ वजा १७८ करायची वेळ आली, म्हटलं सांगा पटापट, तर निम्म्या वह्यांत ३७५. आधी वाटलं एकमेकांचं बघून लिहिलं असेल, मग एकाला जवळ बसवून परत करायला लावलं तेव्हा कळलं की पोरगा प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करतोय. आठातून तीन गेले पाच, सातातून शून्य गेलं सात, चारातून एक गेला तीन. आपलं चुकतंय हे त्याला माहीतच नव्हतं. त्याची एक रीत होती आणि तो ती इमानदारीत कितीतरी वर्षं वापरत होता. वहीवर लाल फुल्या पडल्या असणार, पण शेजारी बसून "कसं केलंस रे हे?" असं कुणी विचारलं नसणार.

धडा बाजूला ठेवला. खराट्याच्या काड्या आणल्या, दहाचे गठ्ठे रबरबँड लावून बांधले, दहा गठ्ठ्यांची एक मोळी. त्याच्यासमोर चार मोळ्या आणि तीन सुट्या काड्या ठेवल्या आणि म्हटलं यातल्या १७८ मला दे. बराच वेळ नुसता बघत बसला. मग एक मोळी सोडली, त्यातला एक गठ्ठा सोडला आणि स्वतःशीच पुटपुटला, "म्हंजे शून्याकडं काय नाय, शंभराकडून आणायचं." आठवीच्या मुलांना काड्या देता का म्हणून स्टाफरूममध्ये ऐकून घेतलं. काड्या मी यंदाही आणल्यात. पण पोर्शन दीड महिना मागे पडला तो कसा भरून काढायचा हे मला अजून सुटलेलं नाही, म्हणून विचारतोय. तुम्ही काय करता, सविस्तर लिहा.

सर, चांगला विषय काढलात. मी बीड जिल्ह्यात चौथीला शिकवते. आमच्याकडं दिवाळी झाली की वर्ग निम्मा रिकामा होतो, आईबाप ऊस तोडायला जातात, काही लेकरं हंगामी वसतिगृहात राहतात, बाकीची टोळीबरोबर कारखान्यावर. परत येतात ती कारखाना बंद झाल्यावर, म्हणजे मार्च-एप्रिलात, आणि जूनमध्ये पुढच्या वर्गात. दरवर्षी पाच महिने गेले तर चौथीपर्यंत किती गेले बघा.

माझ्याकडं एक मुलगी होती, अक्षरं ओळखायची पण काना-मात्रा आली की गप्प, ओढणीचं टोक तोंडात. मी तिला "कच्ची" म्हणून मागं बसवलं होतं, याचं मला आजही वाईट वाटतं. एक दिवस ऊसाच्या वजनाच्या चिठ्ठ्यांवरून बोलणं निघालं आणि ती घडाघडा सांगायला लागली, गाडी भरलेली किती, रिकामी किती, मग ऊस किती, उचल (आगाऊ घेतलेले पैसे) किती फिटली, सगळं तोंडी. बापाच्या चिठ्ठ्यांचा हिशोब तीच ठेवायची! दुसऱ्या दिवशीपासून आम्ही त्या चिठ्ठ्यांवरच वाचायला शिकलो. ऊस, मोळी, कोयता, गाडी, मुकादम. को-य-ता वाचताना तिला मात्रा पहिल्यांदा दिसली. ऑक्टोबरातच तिनं दुसरीचा उतारा वाचला, दिवाळीआधी.

मेळघाटातून लिहितोय. आमच्याकडं तर मूल मागं नसतंच, आपणच वेगळ्या भाषेत बोलत असतो. घरी कोरकू. ती मुंडा कुळातली भाषा, मराठीशी काही नातं नाही. पहिलीत वाघाचं चित्र दाखवलं, मूल म्हणालं "कुला". मी म्हणालो "चूक, वाघ." पोरगं परत आठवडाभर तोंड उघडेना. एका अंगणवाडीताईनं मला समजावलं की त्याचं बरोबर होतं. तेव्हापासून फळ्यावर दोन्ही लिहितो, आधी कुला मग वाघ, आणि माझे उच्चार मुलं सुधारतात. ज्या दिवशी ती मला सुधारतात त्या दिवशी मराठीसुद्धा जास्त बोलतात.

मी अकरावी सायन्सला फिजिक्स शिकवते. दहावीपर्यंत मराठी माध्यम असलेली मुलं युनिट टेस्टला कोरा पेपर देतात. एकाला विचारलं व्हेलॉसिटी म्हणजे काय, गप्प. वेग म्हणजे काय, तर दिशेसकट व्याख्या दिली. आता पहिले पंधरा दिवस फक्त शब्दांची वही करून घेते, बाकी काही नाही.

मी रिटायर्ड मुख्याध्यापक. आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायदा, २०१० ला लागू झाला आणि आठवीपर्यंत नापास करणं बंद झालं, तेव्हापासून मुलं वाचता न येता वर येतात असं सगळे म्हणतात. मी त्याआधीचीही वीस वर्षं पाहिली आहेत. आम्ही नापास करायचो. दोनदा नापास झालेला मुलगा वाचायला शिकायचा नाही, तो शेळ्यांमागं जायचा, आणि त्याचं नाव आम्ही हजेरीतून कमी करायचो. आता पाचवी-आठवीला परत परीक्षा आली आहे, पुरवणी परीक्षेतही नापास झाला तर त्याच वर्गात. ठीक आहे, पण त्याच वर्गात त्याच पद्धतीनं परत शिकवणार असाल तर काय फरक पडणार? त्याला रोज एक तास देणारं माणूस नेमा, मग थांबवा खुशाल.

शिक्षक नाही, पण लिहू का? मी सातवीपर्यंत धड वाचू शकत नव्हतो. पाठ करायचो. बाई वर्गात वाचायला सांगायच्या तेव्हा आधीच्या मुलानं वाचलेलं ऐकून म्हणायचो, आणि माझाच पहिला नंबर आला की पाणी प्यायला जायचो. नवीन आलेल्या एका सरांनी ओळखलं. वर्गात काही बोलले नाहीत. म्हणाले, पहिलीच्या पोरांना रोज एक गोष्ट वाचून दाखवायची, त्यांचे सर रजेवर आहेत. आणि आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर "उद्याची गोष्ट जरा बघून घेऊ" म्हणून बसवायचे, बोट ठेवून, एकेक ओळ. जोडाक्षर अडलं की स्वतः म्हणायचे नाहीत, थांबायचे. दिवाळीपर्यंत हे चाललं. पहिलीचे सर रजेवर नव्हतेच, ते मागच्या बाकावर बसून वह्या तपासायचे, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

बीडच्या ताई, वजनाच्या चिठ्ठ्यांवरून वाचन कसं घेतलंत ते क्रमानं लिहाल का? माझ्याकडं आठवीत अशी सहा मुलं आहेत, गणिताचं नंतर बघतो, आधी हे सुरू करतो.