वरचा मजला परवानगीशिवाय बांधलाय, आता नोटीस आली. नियमित होईल का? (पाथर्डी फाटा, नाशिक)

पाथर्डीफाटा_थोरला:

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितो, कारण घरात सगळे काळजीत आहेत.

पाथर्डी फाट्याजवळ आमचा १५० चौरस मीटरचा एनए (बिगरशेती) प्लॉट आहे. लेआउट मंजूर, समोर ७.५ मीटरचा रस्ता. वडिलांनी २००८ साली तळमजल्याचा नकाशा रीतसर मंजूर करून घेतला, पूर्णत्वाचा दाखलाही काढला. २०१७ मध्ये धाकट्या भावाचं लग्न ठरलं आणि वर तीन खोल्या चढवल्या. त्याची परवानगी मात्र काढली नाही. मिस्त्री म्हणाला, "या गल्लीत काढलीय कोणी?" मी तेव्हा पुण्याला नोकरीला होतो, फोनवर ऐकलं आणि गप्प बसलो. ते गप्प बसणं आता मला खातंय.

मागच्या महिन्यात आईच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी घर तारण ठेवायला गेलो, तर बँकेच्या वकिलाने वरच्या मजल्याचा मंजूर नकाशा मागितला. फाईल तिथेच थांबली. आणि गेल्या गुरुवारी महापालिकेकडून विनापरवाना बांधकामाबद्दल कलम ५३ ची नोटीस आली. वडील रात्री दोन-दोनदा उठून गच्चीवर जातात.

जिना बाजूच्या मार्जिनमध्ये (हद्दीलगत मोकळ्या सोडायच्या जागेत) आहे, मागे एक बाल्कनीही काढलीय. वरच्या मजल्याची घरपट्टी आम्ही शास्तीसकट भरतो, मग ते अधिकृत धरलं जात नाही का? एक जण ऐंशी हजार मागतोय, "सगळं सेटल करून देतो" म्हणतो. द्यावेत का?

जेलरोडची_सुनंदा:

दादा, त्याला एक रुपयाही देऊ नका. आम्ही अशाच एका माणसाला साठ हजार दिले होते. आठ महिने तो "साहेब रजेवर आहेत" एवढंच सांगत राहिला. शेवटी मी स्वतः चौकशीला गेले तेव्हा कळलं की आमच्या नावाने अर्जच दाखल नव्हता. आवक क्रमांकच नाही, तर फाईल कुठून असणार?

घरपट्टीचं म्हणाल तर ती भरली म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही. शास्ती भरल्यानेही होत नाही, कायद्यातच तसं लिहिलंय. माझ्या सासऱ्यांनी दहा वर्षांच्या पावत्या प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवल्या होत्या आणि त्याच आपला पुरावा आहेत असं त्यांना वाटायचं. त्यांना हे समजावून सांगताना मला फार जड गेलं.

आता कामाचं. नोटिशीत दिलेली मुदत बघा. त्या मुदतीतच एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्याच्या कलम ४४ खाली, बांधकाम कायम ठेवण्यासाठी परवानगीचा अर्ज करता येतो. अर्ज आत गेला की त्याचा निकाल लागेपर्यंत नोटिशीवर पुढची कारवाई थांबते. म्हणून आजच्या आज परवानाधारक आर्किटेक्ट गाठा. अर्ज त्यांच्या लॉगिनमधून ऑनलाईन जातो. पोच घ्या आणि तिची एक प्रत नोटीस देणाऱ्या विभागीय कार्यालयात लेखी पत्रासोबत द्या.

आज तुम्ही कोरा नकाशा घेऊन गेला असतात तर नियमात जेवढं मंजूर झालं असतं, तेवढंच नियमित होतं. बाकीचं पाडावं लागतं. आमची पश्चिमेची गॅलरी सव्वादोन फूट बाहेर होती. सासूबाई तिथे कुरडया वाळत घालायच्या. आर्किटेक्ट म्हणाले, ती स्वतःहून कापा आणि कापलेल्याचे फोटो फाईलला जोडा. दोन दिवस कटर चालला, तिसऱ्या दिवशी सळयांची तोंडं घासून वरून प्लास्टर केलं. सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत. पण त्यानंतर फाईलवर एकच त्रुटी निघाली, तीही मोजणी नकाशाची प्रत पुसट होती म्हणून.

स्ट्रक्चरल इंजिनियरचा दाखला लागतो. आमच्याकडे आलेला मुलगा खडूने कॉलमवर छोटे चौकोन आखायचा आणि प्रत्येक चौकोनात त्या स्प्रिंगच्या हातोडीने ठोके देऊन आकडे वहीत लिहायचा. जिन्याखालच्या एका कॉलमचे आकडे कमी आले. तिथे जॅकेटिंग (कॉलमभोवती नवा मजबुतीचा थर) करून घेतलं, अठ्ठावीस हजार गेले. सहा वर्षं त्या कॉलमखाली माझी मुलं खेळत होती. कागदाचं सोडा, नुसत्या त्या तपासणीसाठीसुद्धा हे सगळं करायला हवं होतं असं मला आजही वाटतं.

ड्राफ्ट्समन_कॉलेजरोड:

सुनंदाताईंनी बरोबर सांगितलंय. मी आकड्यांचं सांगतो.

डिसेंबर २०२० पासून युडीसीपीआर, म्हणजे राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली लागू आहे. गावठाणाबाहेर मूळ एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण) १.१०, म्हणजे तुमच्या प्लॉटला १६५ चौरस मीटर. रस्ता ९ मीटरपेक्षा कमी असल्याने प्रीमियम एफएसआय (पैसे भरून मिळणारा जादा) किंवा टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकाम हक्क) मिळणार नाही, पण निवासी बांधकामाला ६० टक्क्यांपर्यंत ॲन्सिलरी एफएसआय (जिना, बाल्कनी अशा पूरक भागांसाठीचा जादा) प्रीमियम भरून मिळतो. एक लक्षात ठेवा, आता मोजणी पी-लाईनने, म्हणजे मजल्याच्या बांधकामाच्या बाहेरच्या कडेने होते. जिना, बाल्कनी सगळं क्षेत्रात धरतात. २००८ च्या नकाशातले आकडे तसेच उचलले तर हिशेब चुकेल.

माझ्या अंदाजाने एफएसआय तुम्हाला नडणार नाही, मार्जिन नडेल. मार्जिनमध्ये सूट आयुक्तांच्या अधिकारात, अडचण पटली तर आणि हार्डशिप प्रीमियम घेऊन मिळू शकते. हक्क म्हणून मागता येत नाही. बाजूचा जिना हाच तुमचा खरा प्रश्न आहे. तो काढून आतून जिना घेता येतो का, हे पहिल्याच भेटीत आर्किटेक्टला विचारा.

पैसे किती लागतील हे कोणाचं ऐकून ठरवू नका. प्रीमियम रेडी रेकनरच्या (सरकारी बाजारमूल्याच्या) दरावर निघतो, शिवाय विकास शुल्क आणि तडजोड शुल्क. सगळं चलनानेच भरायचं. अर्ज नाकारला तर कलम ४७ खाली ४० दिवसांत शासनाकडे अपील करता येतं.

बँकेवर चिडू नका. पूर्णत्वाचा किंवा भोगवटा दाखला तपासूनच कर्ज द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात बँकांना सांगितलंय.

मखमलाबाद_शेतकरी:

आमचा दोन गुंठ्यांचा तुकडा आहे, एनए नाही, सातबाऱ्यावर अकरा नावं. आम्हालाही हेच लागू का?

ड्राफ्ट्समन_कॉलेजरोड:

नाही भाऊ, तुमचा रस्ता वेगळा. तुम्ही गुंठेवारी (लेआउट मंजूर न करता पाडलेले छोटे तुकडे) कायदा २००१ बघा. २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला तो लागू झाला. आधी जागा आरक्षणात किंवा गोदावरीच्या पूररेषेत येते का, त्याचा झोन दाखला काढा. तिथे अडलं तर पुढचा खर्च वाया जाईल.

पाथर्डीफाटा_थोरला:

ताई, दादा, मनापासून आभार. त्या माणसाला नाही म्हणून कळवलं.

काल आर्किटेक्ट मॅडम येऊन टेप लावून गेल्या. तळमजला ८४, वरचा ९६, एकूण १८०. म्हणजे १५ चौरस मीटर ॲन्सिलरीत घ्यावे लागतील. बाल्कनी पाडायची ठरलं. जिन्याला सूट मागायची नाही, आई-बाबांच्या खोलीचा एक कोपरा घेऊन तो आतून काढायचा. हे बाबांनीच सुचवलं. मॅडम नकाशा काढत होत्या तेव्हा ते टेपचं दुसरं टोक धरून उभे होते.

अर्ज आज दुपारी गेला, नोटिशीची मुदत संपायला तीन दिवस बाकी असताना. पोचेची प्रिंट घेऊन उद्या सकाळी विभागीय कार्यालयात जातोय. हातोडीवाल्या तपासणीला शनिवारी माणूस येणार आहे, त्याचं काय निघतं ते इथे लिहितो.