मदत हवी आहे : यंत्रमाग कामगारांच्या माहितीपटाचा आवाज आणि सेन्सॉर प्रमाणपत्र

नमस्कार. इचलकरंजीतील आम्ही काही यंत्रमाग कामगार आणि कांड्या (मागासाठी सूत गुंडाळलेल्या नळ्या) भरणाऱ्या महिला मिळून मोबाइलवर एक माहितीपट करीत आहोत. मालेगावच्या हौशी मंडळींनी पदरमोड करून सिनेमे उभे केले, हे उदाहरण आमच्यापुढे आहे. आमच्याविषयी इतरांनी बरेच चित्रित केले असले, तरी कॅमेरा कोठे ठेवायचा हे या वेळी आम्हीच ठरवावे, असा आमचा आग्रह आहे.

खरी अडचण आवाजाची आहे. कांड्या भरता भरता एक मावशी आठवड्याच्या पगाराचा हिशेब सांगतात, तो प्रसंग मागांवरील धोट्यांच्या खडखडाटात जवळजवळ बुडाला आहे. त्यांना शांत खोलीत बसवून तो पुन्हा ध्वनिमुद्रित करणे मला पटत नाही, कारण हात थांबले की त्यांचे बोलणेही बदलते. मोफत सॉफ्टवेअरने असा आवाज कितपत वेगळा काढता येतो, की मराठी उपशीर्षके देणेच बरे?

शिवाय सार्वजनिक प्रदर्शनासाठी 1952 च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार प्रमाणपत्र लागते. पाठीशी निर्मितीसंस्था नसताना कोणी स्वतः अर्ज केला असल्यास कोणती कागदपत्रे जोडली आणि एकूण खर्च किती आला, हे कृपया सविस्तर कळवावे.