मदत हवी आहे : कंटेनर यार्डाच्या सिम्युलेशनमध्ये गर्दीच्या तासांतील रांग कमी दिसते

एका कंटेनर टर्मिनलच्या यार्डाचे घटनाधारित सिम्युलेशन (ट्रक येणे, काम सुरू होणे, संपणे अशा घटनांच्या क्रमाने चालणारे मॉडेल) मी पायथनमधील सिमपाय या लायब्ररीवर उभे केले आहे. यार्डात आणखी एक क्रेन घ्यावी की ट्रकांना आगाऊ वेळ ठरवून द्यावी, हे त्यावरून ठरायचे आहे. ट्रक आत आल्यापासून बाहेर पडेपर्यंतचा सरासरी वेळ प्रत्यक्ष नोंदींशी चांगला जुळतो. गर्दीच्या तासांतील रांग मात्र मॉडेलमध्ये बरीच तोकडी दिसते, आणि निर्णय तर नेमका त्याच तासांवर अवलंबून आहे.

आगमनाचा दर तासागणिक बदलता ठेवला आहे, सुरुवातीचा अस्थिर काळ वगळला आहे आणि वेगवेगळ्या रँडम सीडवर (यादृच्छिक आकड्यांच्या सुरुवातीच्या मूल्यावर) पुरेशा फेऱ्या घेतल्या आहेत. लिटलच्या नियमाचा (आत असलेल्या ट्रकांची सरासरी संख्या = आगमनाचा सरासरी दर × आतला सरासरी वेळ) ताळाही बसतो, त्यामुळे कोडमध्ये मोठी चूक नसावी.

माझा संशय क्रेनच्या कामाच्या वेळेवर आहे. ही वेळ मी प्रत्येक ट्रकसाठी एकाच संभाव्यता-वितरणातून स्वतंत्रपणे उचलतो. प्रत्यक्षात पाच कंटेनरांच्या थरातून कोणताही एक काढायचा झाल्यास वरचे सरासरी दोन हलवावे लागतात, आणि यार्ड भरले की हा भार सगळ्याच ट्रकांवर एकदम येतो.

अडचण अशी, की नोंदींत क्रेनच्या कामाची फक्त सुरुवात आणि शेवट आहे. कंटेनरची थरातील जागा किंवा फेरहलवणुकीची वेगळी नोंद नाही, आणि ती नव्याने मिळण्याची शक्यताही नाही. अशा वेळी प्रत्येक थर मॉडेलमध्ये स्वतंत्रपणे उभा करावा, की कामाच्या वेळेचे वितरण यार्ड किती भरले आहे त्यानुसार बदलते ठेवणे पुरेसे ठरेल? आणि दुसरा मार्ग घेतल्यास त्याची पडताळणी कोणत्या मापावर करावी?