मदत हवी आहे: अकरावी कला शाखेतल्या भाचीला प्राचीन ग्रीक-रोमन इतिहास आणि साहित्य शिकायला बाहेर जायचंय

नमस्कार मंडळी,

हा धागा भाचीसाठी काढते आहे. भाची म्हणजे माझ्या दादाची मुलगी, राहणार कोथरूड. राज्य मंडळ, सेमी इंग्रजी. दहावीला संपूर्ण संस्कृत घेऊन ९४ टक्के मिळाले आणि यंदा तिने अकरावीला ठरवून कला शाखा घेतली आहे. तिला प्राचीन इतिहास आणि साहित्य शिकायचं आहे, तेही ग्रीक आणि लॅटिन मुळातून वाचत, आणि त्यासाठी बाहेर जायचं आहे. जमलं तर आत्ताच एखादं वर्ष, नाहीतर बारावी झाल्यावर.

घरून विरोध नाही, पण माहितीही कुणाला नाही. दादा भोसरीला एका कंपनीत आहे, वहिनी शाळेत शिकवते. ओळखीतली बाहेर गेलेली मुलं झाडून सगळी इंजिनिअर, एमएसला गेलेली. ती जीआरई आणि असिस्टंटशिपबद्दल सांगतात, ते अकरावीतल्या मुलीला काय उपयोगाचं? एका सल्लागाराकडेही तिघं जाऊन आली. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि मानसशास्त्राच्या कोर्सची माहितीपत्रकं हातात ठेवली.

हे डोक्यात आलं कुठून, तेही सांगते, कारण त्यावरून तिला नक्की काय हवंय ते कळेल. गेल्या थंडीत आम्ही लोणावळा लोकलने मळवलीला उतरून कार्ल्याला गेलो होतो. बाकीचे एकवीरेच्या रांगेत, आणि ही चैत्यगृहात खांबांवर मोबाईलचा उजेड तिरपा पाडत उभी. ब्राह्मी अक्षरं तिने सुट्टीत तक्त्यावरून शिकून घेतली होती. उजेड समोरून टाकला की दगड नुसता पांढरा दिसतो, कडेने टाकला की अक्षरांच्या खाचांत सावली भरते आणि लेख वर येतो. तसं करत करत तिने एका खांबावर ‘यवन’ एवढं वाचलं. जुन्या लेखांत हा शब्द ग्रीकांसाठी येतो. कार्ल्याचे बरेच खांब धेनुकाकट गावच्या यवनांनी दान दिलेले आहेत, हे मला त्या दिवशी कळलं. घरी आल्यावर तिने शोधाशोध केली, तेव्हा ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ हाती लागलं. पहिल्या शतकातल्या कुणा व्यापाऱ्याने ग्रीकमध्ये लिहिलेली ही बंदरांची आणि मालाची माहिती. त्यात कल्याण आहे, भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे, आणि पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपलं धाराशिवजवळचं तेर. मला म्हणाली, “आत्या, पैठणचं नाव त्या माणसाने लिहिलं तसं मला वाचायचंय. इंग्रजीतून नको.”

तेव्हापासून ती एकटीच ग्रीक शिकते आहे. पर्सियसच्या संकेतस्थळावर मूळ संहिता फुकट आहेत आणि शब्दावर टिचकी मारली की त्याचं व्याकरण उघडतं. होमरच्या ग्रीकमध्येही द्विवचन आहे असं दिसलं, तेव्हा स्वयंपाकघरात येऊन तिने वहिनीला ‘रामौ’ म्हणायला लावलं आणि शेजारी ग्रीक रूप म्हणून दाखवलं. इतकी खुललेली मी तिला कधी पाहिली नव्हती. म्हणूनच एवढ्या तळमळीने विचारते आहे.

तर, परदेशी विद्यापीठांच्या आवारात शाळकरी मुलांसाठी दोन-तीन आठवड्यांचे उन्हाळी वर्ग असतात, त्यांचे काही लाख रुपये मोजण्यात अर्थ आहे का? अकरावी-बारावीच्या मधे एक वर्ष बाहेर राहून परत येता येतं का? बारावीनंतर थेट बीएला जायचं, तर राज्य मंडळाचे गुण कुठे चालतात? दादा वर्षाला सगळं मिळून सात-आठ लाखांच्या पलीकडे जाऊ शकणार नाही, आणि घर गहाण टाकून कर्ज काढायला मीच त्याला नको म्हणते आहे. की बीए पुण्यातच करून एमएला पाठवावं?

नोकरीचं काय, हा प्रश्न आमच्या घरात सविस्तर बोलून झाला आहे. धागा तिकडे वळवू नये ही विनंती.

मावळतीर:

ताई, आधी उन्हाळी वर्गांबद्दल. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या नावाने चालणारे बरेचसे वर्ग खाजगी कंपन्यांचे असतात, कॉलेजची इमारत त्या सुट्टीपुरती भाड्याने घेतात. मुलीला मजा येईल, पण प्रवेशाला त्याचं वजन नाही. तेच पैसे साठवा.

वर्षभर जाणं वेगळं. इटलीतल्या विटेर्बोला स्कूल इयर अब्रॉड नावाचा कार्यक्रम आहे, तिथे शाळकरी मुलं वर्षभर राहून लॅटिन आणि प्राचीन इतिहास शिकतात. पण तो मुळात अमेरिकी शाळांमधल्या मुलांसाठी आखलेला आहे, खर्चही त्याच हिशेबाचा. आपल्याकडे बारावीचा फॉर्म भरायला अकरावी पास लागते, तेव्हा मधलं वर्ष बाहेर काढलं तर परत येऊन अकरावी करावीच लागेल असं धरून चला.

शाळकरी वयात गेलेल्यांमध्ये आपल्या पुण्याशी जोडलेलं मोठं नाव दामोदर धर्मानंद कोसंबींचं. १९१८ मध्ये वडिलांबरोबर ते अमेरिकेला गेले, मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजच्या लॅटिन स्कूलमध्ये शिकले आणि १९२९ मध्ये हार्वर्डचे पदवीधर झाले. पुढे गणिती असूनही भर्तृहरीच्या शतककाव्यांची चिकित्सक आवृत्ती (हस्तलिखितं ताडून मूळ पाठ ठरवलेली) त्यांनी काढली, आणि कार्ल्याच्या लेण्यांवरही लिहिलं, हे भाचीला नक्की सांगा. पण वडील धर्मानंद तिथे हार्वर्डमध्ये पाली ग्रंथाच्या संपादनाचं काम करत होते. घरचं माणूस तिथे असताना जाणं आणि सोळाव्या वर्षी एकटीने जाणं यात मला फार फरक वाटतो. त्या वयात त्यांना जे मिळालं ते मुख्यतः भाषा. त्या आज पुण्यात बसूनही सुरू करता येतात, तिने केल्याच आहेत.

राईनकाठ:

जर्मनीत दहा-बारा वर्षं आहे, इथल्यापुरतं लिहिते. सरकारी विद्यापीठांत बहुतेक राज्यांत शिकवणीची फी नाही. बाडेन-वुर्टेम्बर्ग हा अपवाद. युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना तिथे सत्राला १,५०० युरो पडतात, आणि हायडेलबर्ग, ट्युबिंगेन, फ्रायबुर्ग तिन्ही त्याच राज्यात आहेत. व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये, म्हणजे महिन्याला ठराविक रक्कमच काढता येते अशा खात्यात, दाखवावे लागतात (हा आकडा अधूनमधून वाढतो), शिवाय भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे शिक्षणाची कागदपत्रं तपासल्याचा दाखला, लागतो. तुमच्या दादांनी सांगितलेली रक्कम याच्यापुढे तोकडी पडेल, त्यामुळे आधीच हिशेब मांडा.

पैशापेक्षा मोठी अडचण प्रवेशाची. नुसत्या बारावीवर थेट प्रवेश बहुधा मिळत नाही. मधे स्टुडियनकोलेग नावाचं पूर्वतयारीचं वर्ष किंवा भारतातल्या पदवीचं शिक्षण लागतं. आणि बीए जर्मनमधून. इथली मुलं शाळेत चार-पाच वर्षं लॅटिन करून आलेली असतात, त्यांच्या शेजारी बसायचं असतं. त्यामुळे इकडचा विचार असेल तर मॅक्समुल्लर भवन किंवा रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन आत्ताच लावा. प्राचीन जगावरचं संशोधन जर्मनमध्ये इतकं आहे की कुठेही गेली तरी ही भाषा तिला लागणारच.

इंग्रजीतून हवं असेल तर दोन ठिकाणं बघा. रोमच्या सापिएन्झा विद्यापीठात क्लासिक्सची (म्हणजे प्राचीन ग्रीक-रोमन भाषा, साहित्य, इतिहास) तीन वर्षांची पदवी इंग्रजीतून आहे, आणि इटलीत कुटुंबाच्या उत्पन्नावर प्रादेशिक शिष्यवृत्ती मिळते, ती परदेशी मुलांनाही खुली असते. त्यासाठी उत्पन्नाचे आणि घराचे कागद भाषांतर, शिक्के वगैरे करून वेळेत द्यावे लागतात. पुष्कळ मुलं नेमकी इथेच मागे पडतात. दुसरं, अथेन्सच्या राष्ट्रीय विद्यापीठात प्राचीन ग्रीसचं पुरातत्त्व, इतिहास आणि साहित्य असा चार वर्षांचा इंग्रजी अभ्यासक्रम युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठीच सुरू केलेला आहे. तुमच्या भाचीचं वर्णन वाचताना मला तोच आठवत होता.

पर्वतीची पायरी:

मी इंग्लंडमध्ये हाच विषय शिकलो, पण बीए फर्ग्युसनमधून करून मग गेलो.

केंब्रिजला क्लासिक्सचा चार वर्षांचा मार्ग आहे, त्यातलं पहिलं वर्ष लॅटिन न आलेल्यांसाठीच असतं. म्हणजे “आपल्याकडे लॅटिन नाही” ही अडचण नव्हे. अडचण बोर्डाची आणि पैशाची. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज दोन्हीकडे बारावीच्या अटी बोर्डागणिक वेगळ्या आहेत, म्हणून त्यांच्या संकेतस्थळावर भारतासाठीचं पान आधी वाचा आणि राज्य मंडळाबद्दल थेट ईमेल करून लेखी उत्तर घ्या. फी नुसत्या शिकवणीची वर्षाला २५ हजार पौंडांच्या वर. तिथे बीएला पूर्ण शिष्यवृत्ती फार थोड्यांना मिळते. एमएला ऱ्होड्स आहे, ऑक्सफर्ड, सोआस आणि रेडिंगसाठी फेलिक्स आहे, इनलॅक्स आहे.

अमेरिकेत चित्र उलटं. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, ॲमहर्स्ट ही कॉलेजं परदेशी मुलांनाही प्रवेश देताना घरची ऐपत बघत नाहीत, आणि घेतलं की गरज असेल तेवढी सगळी मदत देतात. मात्र यातल्या पहिल्या तिघांकडे अर्ज करणाऱ्या शंभरातल्या पाच जणांनाही प्रवेश मिळत नाही. अर्ज करावा, त्याच्यावर विसंबू नये.

तारखांकडे लक्ष द्या. ऑक्सफर्ड-केंब्रिजचा अर्ज १५ ऑक्टोबरला बंद होतो, म्हणजे भाची बारावीत असताना, बोर्डाच्या परीक्षेच्या चार-पाच महिने आधी. त्या वेळी कॉलेजने तिला किती गुण पडतील याचा अंदाज आणि एका शिक्षकाचं शिफारसपत्र द्यायचं असतं. राज्य मंडळाच्या कनिष्ठ महाविद्यालयांना हे सहसा सवयीचं नाही. तिला ओळखणारे संस्कृतचे किंवा इतिहासाचे सर-मॅडम आत्ताच गाठा आणि त्यांना काय लिहावं लागेल ते दाखवून ठेवा. निबंधाऐवजी आता तीन ठराविक प्रश्नांची उत्तरं लिहायची असतात, सगळी मिळून ४,००० अक्षरांत. त्यात कार्ल्याचा खांब आणि ते द्विवचन आलं पाहिजे. तुम्ही वर लिहिलंय तसंच साधं.

आता माझं स्पष्ट मत. एकच एक मार्ग धरू नका. बारावीत असताना अमेरिकेतली दोन-तीन, सापिएन्झा आणि अथेन्स एवढे अर्ज करा. पैशासकट काही जमलं तर जाऊ द्या. नाही जमलं तर पुण्यात संस्कृत किंवा इतिहास घेऊन बीए करणं म्हणजे मन मारणं नव्हे. महाभारताची चिकित्सक आवृत्ती भांडारकर संस्थेने इथे केली, १९१९ ते १९६६. एक हजारावर हस्तलिखितं ताडून बघितली. पाठभेद कसे नोंदवायचे, कुठला पाठ जुना कसा ठरवायचा, हे होमरच्या अभ्यासकालाही तेवढंच लागतं. डेक्कन कॉलेजने घोड नदीकाठी इनामगावला १९६८ पासून पंधरा वर्षं उत्खनन केलं, त्यातल्या वस्तू त्यांच्या संग्रहालयात बघायला मिळतात. संस्कृत आणि ग्रीक दोन्ही मुळातून वाचणारी मुलगी एमएला अर्ज करेल, तेव्हा तिच्यासारखे अर्ज तिथे थोडेच असतील.

धागा काढणारी:

सगळ्यांचे मनापासून आभार. दादा आणि वहिनीला तिन्ही प्रतिसाद वाचून दाखवले. उन्हाळी वर्गाचा विषय संपला. मधल्या वर्षाचं ऐकून भाची हिरमुसली, पण कोसंबींचं वाचून लगेच त्यांचं कार्ल्यावरचं लिखाण शोधायला बसली. अथेन्सचं पान दादाने स्वतः उघडून वाचलं. आजवर तो नुसता ऐकून घ्यायचा.

आता दोनच शंका. बारावीपर्यंत तिने ग्रीकच पुढे न्यावं की लॅटिनही सुरू करावं? आणि पुण्यात समोर बसून ग्रीक शिकवणारं कुणी भेटेल का? एकटीने शिकताना उच्चार आणि आघात चुकताहेत असं तिला वाटतं.

पर्वतीची पायरी:

ग्रीकच. संस्कृत पक्कं असल्यामुळे विभक्ती आणि धातूंची रूपं तिला जड जाणार नाहीत. ॲटिक, म्हणजे अथेन्सकडच्या अभिजात ग्रीक गद्यापासून सुरुवात करू दे, झेनोफन हा लेखक चांगला, होमर थोडा थोडा सोबत. पेरिप्लसची ग्रीक व्यापाऱ्याची, रोखठोक आहे. वर्षभरात कोशाच्या आधाराने वाचेल. लॅटिन बारावीनंतरच्या सुट्टीत.

नगर रोडला रामवाडीच्या सेमिनरीत ख्रिस्ती धर्मशास्त्र शिकणाऱ्यांना बायबलच्या नव्या कराराची ग्रीक शिकवतात. ती ॲटिकपेक्षा नंतरची आणि सोपी, पण पेरिप्लसच्याच काळातली, त्यामुळे तिच्या कामाचीच आहे. बाहेरच्या विद्यार्थिनीला बसू देतील का, ते प्रत्यक्ष जाऊन विचारा. सोबत दादांना घेऊन जा. तोवर रविवारी सकाळी ऑनलाइन तासभर मी वाचून घेईन तिच्याकडून. पैसे वगैरे काही नको. झेनोफनच्या ‘ॲनाबेसिस’चं पहिलं पान तिने आधी वहीत उतरवून, शब्दांखाली व्याकरण लिहून आणावं. तुम्ही किंवा वहिनी तासाला बसा. वेळ व्यनिने (व्यक्तिगत निरोपाने) कळवा.

धागा काढणारी:

व्यनि केला आहे. वहिनी बसेल तासाला. पहिलं पान अर्धं उतरवून झालंय.