फार्मसीला अर्ज करण्याआधीचं स्वयंसेवी काम : तुमचे अनुभव लिहा

खलबत्ता

"फार्मसीला जायचंय, पण आधी कुठेतरी स्वयंसेवक म्हणून काम केलेलं असावं म्हणतात. ते कुठे करू?" ओळखीतली मुलं मला हे सारखं विचारतात. मी बरीच वर्षं रुग्णालयात फार्मासिस्ट आहे. आमच्याकडे असे स्वयंसेवक येतात, त्यामुळे आमची बाजू मला ठाऊक आहे. काउंटरच्या आत पहिल्यांदाच आलेल्याला काय वाटतं, काय दिसतं, ते मात्र तुम्हीच सांगू शकता. म्हणून हा धागा काढला.

मुलांचं सगळं लक्ष तासांवर असतं. अर्जात तास विचारले असतील तर ते लिहावे लागतातच, त्याला माझी ना नाही. पण बाहेरच्या माणसाला आमच्या कामाचं एवढंच दिसतं की चिठ्ठी दिली आणि औषध मिळालं. औषध खणातून निघून रुग्णाच्या हातात पडेपर्यंत मध्ये जे काही घडतं, ते आमचं खरं काम. ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत का, मला एवढंच विचारायचं आहे.

तेव्हा कुठे काम केलंत, संधी कशी मागितलीत, काय करू दिलं आणि काय करू दिलं नाही, हे सगळं लिहा. नियम जागोजागी वेगळे असतात, पण औषध देणं आणि त्याबद्दल सल्ला देणं हे स्वयंसेवकाचं काम नव्हे, हे कुठेही गृहीत धरा. रुग्णाची ओळख पटेल असं काहीही लिहू नका.

दुपारची पाळी

मी रुग्णालयाच्या फार्मसीत होते. मोठ्या रुग्णालयात थेट फार्मसीत जाऊन विचारण्यापेक्षा स्वयंसेवकांचं काम बघणाऱ्या विभागाकडे अर्ज केलेला बरा. मग लसीकरणाचे दाखले, क्षयरोगाची तपासणी, गोपनीयतेचं प्रशिक्षण, ओळखपत्र असं एकामागून एक येतं. यात इतका वेळ जातो की ज्यांना पुढच्या वर्षी अर्ज करायचाय त्यांनी आत्ताच हालचाल करावी.

काम काय, तर वॉर्डात औषधं पोचवायची, रिकामे खण भरायचे, मुदती तपासायच्या. ज्याची मुदत आधी संपते ते पुढे, नंतरचं मागे. फ्रिजचं तापमान २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये आहे ना, ते बघून नोंदवहीत लिहायचं. सुरुवातीला ही नोंद मला निव्वळ कागदी काम वाटायची. मग तिथल्या फार्मासिस्ट मॅडमनी सांगितलं की एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला आधीसारखंच दिसू शकतं, पण त्याचा भरवसा राहत नाही, ते टाकूनच द्यावं लागतं. नुसत्या डोळ्यांना कळत नाही म्हणून तर ती वही.

खणांवरच्या चिठ्ठ्यांत काही नावांची मधली अक्षरं मुद्दाम मोठी छापलेली असत. हायड्रॉक्सिझिन आणि हायड्रॅलझिन ही त्यातली एक जोडी. पहिलं खाज आणि ॲलर्जीवरचं, दुसरं रक्तदाबावरचं. घाईत हात चुकीच्या खणाकडे जाऊ नये म्हणून केलेली ती सोय. खण भरताना मी ती जोडी दर वेळी मोठ्याने वाचून घ्यायचे.

पण मला फार्मसीकडे खेचलं ते एका फोनने. संधिवाताच्या एका रुग्णासाठी मेथोट्रेक्सेट रोज घ्यायचं असं लिहून आलं होतं. संधिवातावर हे औषध आठवड्यातून एकदाच देतात. तोच डोस रोज गेला तर अस्थिमज्जेवर परिणाम होतो, रक्तपेशी घटतात, जीवही जाऊ शकतो. मॅडमनी शांतपणे फोन उचलला. "हे चुकलंय" असं त्या म्हणाल्या नाहीत. "हे कशासाठी देताय, आणि आठवड्यातला कुठला वार धरू?" असं विचारलं. पलीकडच्या डॉक्टरांच्या लगेच लक्षात आलं. मग वेष्टनावरच्या सूचनेत त्या वाराचं नाव घातलं गेलं. दोन-तीन मिनिटांत सगळं आटोपलं, रुग्णाला याचा पत्ताही नव्हता. त्या संध्याकाळी घरी गेल्यावर मी आईला सांगितलं की मला हेच काम करायचंय.

काउंटरपलीकडे

दुपारची पाळी, तुमचा अनुभव वाचून छान वाटलं. पण माझं मत थोडं वेगळं आहे. रुग्णालयाच्या फार्मसीत रुग्ण फारसा भेटतच नाही. ज्याला माणसांशी बोलायचंय त्याने औषधाच्या दुकानात उभं राहावं.

संधी मिळवणं मात्र इथे अवघड. मला कितीतरी ठिकाणी नकार आला. मोठ्या साखळी दुकानांत हा निर्णय तिथल्या फार्मासिस्टच्या हातात नसतो, वरून परवानगी लागते. एकट्या मालकाच्या दुकानात निदान समोरासमोर बोलता येतं. गर्दीच्या वेळी जाऊ नका. शांत वेळ बघा, मुख्य फार्मासिस्टना भेटा आणि सुरुवातीला थोडंच मागा : "एक सकाळ नुसतं शेजारी उभं राहून बघू द्याल का?" एवढ्याला होकार मिळण्याची शक्यता जास्त. माझं पुढचं सगळं काम त्या एका सकाळीतूनच मिळालं.

तिथे मी दोन गोष्टी पुन्हा पुन्हा पाहिल्या. एक म्हणजे पॅरासिटामॉल. सर्दीची गोळी घेतलेली असते, अंगदुखीची वेगळी, शिवाय तापाची. तिन्हींत तेच औषध, पण खोक्यांवरची नावं तीन. निरोगी प्रौढासाठी दिवसाला साधारण ४ ग्रॅम ही वरची मर्यादा धरतात, त्यापुढे यकृताला धोका. आमचे सर प्रत्येकाला विचारायचे, "याशिवाय आणखी काय चालू आहे?" लोक म्हणायचे, "काही नाही." मग सर विचारायचे, "सर्दीसाठी काही? दुखण्यासाठी?" आणि मग पिशवीतून एकेक वस्तू बाहेर यायची. प्रश्न तोच, फक्त तोडून विचारलेला. हे मी पुस्तकातून शिकलो नसतो.

दुसरी गोष्ट इनहेलर. दम्याचे एक काका तो बराच काळ वापरत होते आणि उपयोग होत नाही म्हणत होते. सरांनी त्यांना समोर वापरून दाखवायला सांगितलं. फवारा आधी, श्वास नंतर, औषध सगळं जिभेवर. मग सरांनी शिकवलं : हलवा, श्वास पूर्ण सोडा, सावकाश आत घ्यायला लागताच दाबा, जमेल तसा दहा सेकंदांपर्यंत श्वास रोखा. स्टेरॉइडचा असेल तर नंतर चूळ भरा, नाहीतर तोंडात बुरशीचा संसर्ग होतो. काकांकडून दोनदा करून घेतल्यावरच सरांनी त्यांना जाऊ दिलं. औषध तेच राहिलं, डोसही तोच.

सोमवार ते रविवार

मी दोन्ही ठिकाणी नव्हते. वृद्धाश्रमात जायचे. तिथे फार्मसी नव्हती, पण एक फार्मासिस्ट ठरावीक काळाने येऊन सगळ्यांच्या औषधांचा आढावा घ्यायच्या. त्यांच्यासाठी मी प्रत्येकाच्या पिशवीतल्या औषधांची यादी करायचे. नाव, ताकद, कधी घेतात, मुदत कधीची. डबीत गोळ्या भरायला मला परवानगी नव्हती आणि ते योग्यच होतं. ते काम नर्सचं.

यादी करणं हे कमी प्रतीचं काम समजू नका. यादी नीट असली की बाकीचं आपोआप दिसायला लागतं. एका आजींकडे दोन वेगळ्या ब्रँडची रक्तदाबाची गोळी होती, आतलं औषध एकच. जुन्या डॉक्टरांची एक, नव्यांची एक. दुसऱ्या एक आजी थायरॉइडची लेव्होथायरॉक्सिन आणि कॅल्शियम एकदमच घ्यायच्या, सगळं एकाच घोटात उरकायचं म्हणून. कॅल्शियममुळे ते औषध नीट शोषलं जात नाही, दोहोंत निदान ४ तासांचं अंतर लागतं. फार्मासिस्ट ताईंनी गोळी वाढवायला सांगितली नाही, कॅल्शियमची वेळ बदलून घेतली. पुढच्या रक्ततपासणीचा आकडा सुधारला तेव्हा त्या आजी मला शोधत आल्या होत्या.

काही आजी-आजोबांना ताईंची भाषा समजत नसे. तेव्हा मी दुभाषी व्हायचे. इथे एक सांभाळावं लागतं : त्या जे म्हणाल्या तेवढंच सांगायचं, आपल्या मनाने "काही होत नाही हो" असा दिलासाही जोडायचा नाही. तो मोह फार होतो, कारण समोरचा माणूस घाबरलेला असतो.

पायवाट

थोडक्यात लिहितो. दुकानात काम केलं आणि दिवसभर माणसांशी बोलणं मला झेपत नाही हे कळलं. औषध गोळीत कसं बांधतात, पोटात ते कधी विरघळतं, यात मात्र रस वाटला. आता त्याच दिशेने शिकतोय, प्रयोगशाळेत रमतो. स्वयंसेवी काम केलं नसतं तर हे समजायला अभ्यासक्रमाची दोन-तीन वर्षं गेली असती.

उरलीसुरली

आमच्या भागात घरातली जुनी औषधं गोळा करण्याचा उपक्रम झाला, तिथे मी मदतीला होते. बाटल्यांवरची नावं काळ्या शाईने खोडायची आणि वेगवेगळे ढीग लावायचे. मोजणं, तपासणं फार्मासिस्ट करत.

प्रतिजैविकांचा ढीग बघून मला धक्का बसला. कितीतरी पाकिटं अर्धी. बरं वाटलं की गोळ्या थांबवायच्या, उरलेल्या पुढच्या आजारासाठी ठेवायच्या. प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू हा जगभरचा प्रश्न आहे हे वर्गात वाचलं होतं. त्या टेबलावर तो प्रश्न कुणाच्या ना कुणाच्या स्वयंपाकघरातल्या फडताळातून आलेला दिसत होता. लोक सोबत प्रश्नही घेऊन यायचे : हे मोरीत ओतलं तर चालेल का? मुदत परवाच संपली, घेऊ का? फार्मासिस्टना बोलावून आणणं एवढंच माझं काम, पण उत्तर ऐकायला मी तिथेच थांबायचे.

परीक्षानळी

मी फार्मसी महाविद्यालयात शिकवते आणि प्रवेशाचे अर्ज वाचते. वरचे अनुभव वाचताना सारखं वाटत होतं की हे असंच अर्जात का लिहीत नाहीत ही मुलं?

अर्जातल्या निवेदनात बहुतेकजण लिहितात की मला लोकांना मदत करायची आवड आहे, लहानपणापासून विज्ञानाची ओढ आहे. खोटं नसतं ते, पण डॉक्टर, नर्स, शिक्षक व्हायला निघालेली मुलंही अगदी हेच लिहितात. "वार कुठला धरू?" असं विचारणारा फोन ज्याने ऐकला, त्याने तो प्रसंग लिहावा. फार्मासिस्टने काय पाहिलं, काय विचारलं, त्यामुळे काय टळलं. मुलाखतीतही मी हेच विचारते : "तुम्ही ज्यांच्यासोबत होतात त्यांनी घेतलेला एखादा निर्णय सांगा." ज्यांनी नुसते तास भरलेत ती मुलं इथे गप्प होतात. मला त्यांचं वाईट वाटतं, कारण तो निर्णय त्यांच्या समोर घडलेला असतो, बघायला कोणी सांगितलेलं नसतं.

हे विषय मोठे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली औषधांमुळे होणारी गंभीर पण टाळता येण्यासारखी हानी पाच वर्षांत निम्म्यावर आणायचं उद्दिष्ट जाहीर केलं होतं. मेथोट्रेक्सेटचा फोन, आजींच्या दोन गोळ्या, काकांचा इनहेलर हे सगळं त्याच कामातलं.

शिफारसपत्राबद्दल. ते विभागप्रमुखांकडून घ्यायचा अट्टाहास नको. ज्यांच्या हाताखाली काम केलंत, ज्यांनी तुम्हाला कंटाळवाणं कामही नीट करताना पाहिलंय, त्यांच्याकडे मागा. म्हणून पाच ठिकाणी थोडं थोडं करण्यापेक्षा एका ठिकाणी टिकून राहा. पत्र मागायला समोर जा, शेवटची तारीख सांगा, आपण काय काय केलं त्याचं एक पान द्या. आणि "माझ्याबद्दल चांगलं लिहिता येईल का?" असं मोकळेपणाने विचारा. नाही म्हणायची वाट त्यांनाही हवी.

आठवड्याला एकदा वहीत लिहा. रुग्णाचं नाव, वय, खोलीचा क्रमांक काही नको. नुसता प्रसंग आणि तुम्हाला पडलेला प्रश्न.

अजून एक, मनापासून सांगते. ज्यांना शिकताना कमवावं लागतं त्यांना बिनपगारी काम परवडत नाही. दुकानात पगारावर काम केलं असेल, घरच्या आजारी माणसाची औषधं सांभाळली असतील, तर ते लिहा. माझ्यासमोर असा अर्ज आला की मी तो स्वयंसेवी कामाच्या खाली धरत नाही.

पहिलं पान

मला कुठेच फार्मसीत घेतलं नाही. मानसिक ताणातल्या लोकांसाठीच्या हेल्पलाइनवर मी फोन घेते. हे चालेल का?

खलबत्ता

पहिलं पान, चालेल. घाबरलेल्या माणसाचं बोलणं न तोडता ऐकणं तुला येतं, ते आम्हाला नव्या माणसांना शिकवावं लागतं. फक्त सोबत एखाद्या फार्मासिस्टशी तासभर बोलून घे, म्हणजे "फार्मसीच का?" याला तुझं स्वतःचं उत्तर असेल. २५ सप्टेंबर हा जागतिक फार्मासिस्ट दिन. आंतरराष्ट्रीय फार्मसी महासंघाची स्थापना १९१२ साली त्याच तारखेला झाली. त्या सुमारास अनेक ठिकाणी आमचे लोक बाहेर येऊन कार्यक्रम करतात, तेव्हा गाठणं सोपं जातं.

काउंटरपलीकडे, तुमचं म्हणणं आमच्या मुख्य फार्मसीपुरतं खरं आहे, पण वॉर्डात राउंडला जाणारे फार्मासिस्टही असतात. स्वयंसेवकाने सोबत येऊ का असं विचारलं तर कधीकधी परवानगी मिळते. विचारत मात्र कोणी नाही.

निर्जंतुक विभागाबद्दल, जिथे शिरेतून द्यायची औषधं आणि केमोथेरपीची औषधं तयार करतात, अजून कोणीच लिहिलं नाही. आत स्वयंसेवकाला सोडत नाहीत, पण काचेबाहेरून कोणी पाहिलं असेल तर जरूर लिहा. बालरुग्ण विभागाबद्दलही. वजनावरून काढलेले डोस दोन-दोन जण कसे तपासतात, ते कोणी पाहिलंय का?