मदत हवी आहे: गोधडीचे फोटो मातकट येतात, लाल रंग लाल दिसतच नाही

गोधडीवाली_सेलू: लहान बाळांच्या गोधड्या हाताने शिवून विकते. फोटो मीच काढते. काही केल्या रंग नीट येत नाही. लाल विटकरी दिसतो, पांढरा आजारी. एका ताईंनी "फोटोत विटकरी होती, ही तर लालभडक निघाली" म्हणून परत पाठवली, जाण्यायेण्याचं कुरिअर माझ्या अंगावर. दिवाळीच्या आत सगळा माल टाकायचाय. कोणता कॅमेरा घेऊ तेवढं सांगा. लवकर.

उदगीरकर: सध्या कशावर काढता? कुठं, किती वाजता? एखादा फोटो तरी टाका. नुसत्या 'मातकट'वरून काय कळणार?

गोधडीवाली_सेलू: मोबाईलवर. चांगला आहे, नवाच आहे. दिवसा उजेडातच काढते, बल्बखाली नाही. फोटो अपलोड होईना, रेंज नाही.

छबीवाला_लातूर: कॅमेऱ्याच्या नादी लागू नका, लाइटबॉक्स करा. खोक्याला तीन बाजूंनी खिडक्या कापायच्या, बटर पेपर चिकटवायचा, बाहेरून दोन एलईडी. बायकोच्या टेराकोटा दागिन्यांचे फोटो मी असेच काढतो, एक नंबर येतात.

मोंढ्याजवळचा: दादा, ताई गोधड्या विकतात. खोक्यात कोंबायच्या का?

छबीवाला_लातूर: मी तत्त्व सांगितलं. खोकं मोठं घ्या.

हिशेबी_जालना: फोटो नंतर, आधी जीएसटीचं बघा. १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यातल्या राज्यात ऑनलाइन पोर्टलवर माल विकायला उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही, पण एनरोलमेंट नंबर घ्यावा लागतो. बाहेरच्या राज्यात माल गेला की नियम वेगळे.

गोधडीवाली_सेलू: जीएसटीचं कुणी विचारलं? मी व्हॉट्सअ‍ॅपवर विकते. रंगाचं सांगा.

गोदाकाठ: ताई, 'दिवसा उजेडात' म्हणजे नेमकं कुठं? डोक्यावर काय आहे?

गोधडीवाली_सेलू: अंगणात, सावलीतच. वर हिरवी नेट बांधलीय. आमच्याकडच्या उन्हात उघड्यावर कोण बसणार? त्याचा काय संबंध?

गोदाकाठ: घ्या! सगळा संबंध तिथंच आहे. नेटखालचा उजेड हिरवट असतो. आपले डोळे जुळवून घेतात म्हणून जाणवत नाही. लाल कापड मुख्यतः लाल उजेडच परत फेकतं. नेटखाली तोच कमी पडला की लालाचं विटकरी होणारच. मोबाईल आपल्या परीने रंग सावरतो, पण फ्रेमभर लालच लाल दिसलं की तोही गोंधळतो. एकाच गोधडीचे दोन फोटो दोन रंगांचे येतात का?

गोधडीवाली_सेलू: हो, तसंच होतं. पण नेट काढणार नाही, खाली रोपं आहेत.

गोदाकाठ: नेट राहू द्या, तुम्ही ओसरीत या. थेट ऊन नको, आतली ट्यूब बंद, शेजारी निळी-हिरवी भिंत नको. आधी गोधडीच्या जागी पांढरा कोरा कागद धरा. मोबाईल कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये, म्हणजे सेटिंग हाताने लावायच्या मोडमध्ये, व्हाइट बॅलन्स (उजेडाची झाक घालवायची सेटिंग) असा लावा की कागद पांढराच दिसेल, मग शेवटच्या गोधडीपर्यंत त्याला हात लावू नका.

छबीवाला_लातूर: एवढा खटाटोप कशाला? एडिटिंगमध्ये टिंटची पट्टी हिरव्याकडून मॅजेंटाकडे, म्हणजे गडद गुलाबीकडे ओढा, झालं.

उदगीरकर: झालं कसं? प्रत्येक फोटोत हिरवट झाक कमीजास्त, प्रत्येक वेळी अंदाजाने ओढत बसायचं? लाल फार ताणला तर त्यातला दोरा बुजतो, लाल डाग तेवढा उरतो.

पैठणकाठची: माझे पैठणीच्या कापडाचे बटवे. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या, कोन बदलला की रंग बदलतो. मी तर हलवून व्हिडिओच पाठवते.

गोधडीवाली_सेलू: ओसरीत काढून बघितले. पांढरा पांढरा आला, लालही बराच जवळ. पण आता टाके दिसेनात, बाजारची चादर वाटायलीय. हाताच्या टाक्यांचेच तर पैसे आहेत!

गोदाकाठ: दाराकडं पाठ करून काढले असतील. दार तुमच्या डाव्या किंवा उजव्या हाताला घ्या. उजेड कापडावरून तिरपा घसरत आला, तोही धावदोऱ्याच्या रांगांना आडवा, की प्रत्येक टाक्याची खळगी सावली धरते. एक फोटो पूर्ण गोधडीचा, एक कोपऱ्यातल्या फुलाचा जवळून, एक कड दुमडून थर दाखवणारा.

मोंढ्याजवळचा: ताई, आत जुनं लुगडं घालता की नवं कापड? जुन्या लुगड्याची ऊब नव्याला नाही. बहिणीच्या बाळासाठी हवी होती, कितीला देता?

गोधडीवाली_सेलू: आत नवंच सुती, धुऊन घेतलेलं. भाव मेसेजमध्ये सांगते. तिरप्या उजेडात टाके दिसायलेत आता. पण कॅमेऱ्याचं कुणीच सांगितलं नाही.

उदगीरकर: नका घेऊ. मोबाईल पुरे आहे, लेन्स नीट पुसून घ्या फक्त.

छबीवाला_लातूर: माझ्याकडं जुना डीएसएलआर कॅमेरा पडून आहे, लेन्ससकट. घ्यायचा असेल तर बोला. लाइटबॉक्स फुकट देतो.