कोळंबी एक्स्पोर्ट: अमेरिकेऐवजी कुठे?

प्रश्न: पिंपळगावला आमचं द्राक्षाचं कोल्ड स्टोरेज आहे. मेव्हणा आंध्रात वेनामी (तळ्यात वाढवतात ती) कोळंबीत आहे, ऑगस्ट 2025 ला अमेरिकेने टॅरिफ 50 टक्क्यांवर नेलं तेव्हापासून चीन-युरोपकडे वळतो म्हणतोय, पैसे घालू का?

उत्तर: दादा, चीनला जास्त करून अख्खी, डोक्यासकट कोळंबी जाते. अमेरिकेला सोललेली, शीर काढलेली लागते, म्हणजे मार्केट बदललं की सोलणाऱ्या बायकांची मजुरीच जाते, याचं कुणी बोलतच नाही!

उत्तर: सप्टेंबर 2025 ला युरोपने आपल्या 102 नवीन मासळी-कोळंबी एक्स्पोर्ट युनिट्सना परवानगी दिली ते चांगलंच झालं, पण अँटिबायोटिक सापडलं की कंटेनर परत. 2010 ला क्लोरमेक्वाट (वेलीची वाढ आवरणारं औषध) याच्या अंशापायी आपली द्राक्षं युरोपात अडकली, आठवतंय ना? आधी मेव्हण्याच्या कोळंबीचे लॅब रिपोर्ट बघा.